एडगर कॉड : एका घरात एकच गोष्ट

परीक्षेचा निकाल छापताना, ग्रंथालयाची यादी करताना किंवा बँकेच्या खातेदाराचे नाव शोधताना संगणकाला अक्षरांशी झटावे लागते. नावाच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा छाटायची, लहान रोमन अक्षरे मोठी करायची, नोंदणी क्रमांकातील पहिली दोन अक्षरे वेगळी काढायची, तीन रकान्यांतील शब्द जोडून एक पूर्ण नाव तयार करायचे. अशा कामांची तयार अवजारे प्रत्येक डेटाबेसमध्ये पहिल्यापासूनच बसविलेली असतात. ट्रिम, अप्पर, सबस्ट्रिंग, रिप्लेस ही त्यांची नावे. अक्षरांच्या माळेला संगणकाच्या भाषेत स्ट्रिंग म्हणतात, म्हणून ही स्ट्रिंग फंक्शन्स. ती वापरायला हुशार विद्यार्थी एका दुपारीत शिकतो. ती कोठे वापरावीत आणि कोठे वापरू नयेत हे समजायला मात्र वेळ लागतो. ते समजून घेण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे, ज्यांनी कोष्टकांच्या रूपातील माहितीसाठ्याची कल्पना प्रथम मांडली त्या एडगर फ्रँक कॉड यांचे चरित्र पाहणे.

कॉड यांचे नाव संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्यांचे बारा नियम परीक्षेत विचारले जातात, त्यांचे नॉर्मल फॉर्म पाठ केले जातात. परंतु त्या नियमांमागचा माणूस पाठ्यपुस्तकात सहसा भेटत नाही. हा माणूस युद्धात विमान चालवीत होता, राजकीय दडपशाहीची चीड येऊन त्याने एक देश सोडला होता, आणि ज्या कंपनीत त्याची हयात गेली तिच्याच चलती असलेल्या मालाविरुद्ध तो तिच्याच घरात राहून भांडला होता.

बालपण आणि युद्ध

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात पोर्टलंड नावाचे एक खडकाळ बेट आहे. तेथला पांढरा दगड लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलला लागला. या बेटावरील फॉर्च्युन्सवेल या गावी १९ ऑगस्ट १९२३ रोजी कॉड यांचा जन्म झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडिलांचा कातडी मालाचा व्यवसाय होता आणि आई शिक्षिका होती. पूल या गावच्या ग्रामर स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. तेथून ते ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात गेले आणि गणित व रसायनशास्त्र शिकू लागले.

तोवर दुसरे महायुद्ध भडकले होते. अभ्यास अर्धवट ठेवून कॉड स्वेच्छेने ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले. किनारा संरक्षण विभागात, म्हणजे कोस्टल कमांडमध्ये, ते फ्लाइट लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले आणि सँडरलंड जातीची विमाने चालवू लागले. ही चार इंजिनांची, पाण्यावर उतरणारी अवजड विमाने. समुद्रावर तासन्‌तास गस्त घालून शत्रूच्या पाणबुड्या हुडकणे हे त्यांचे मुख्य काम होते. युद्ध संपल्यावर कॉड ऑक्सफर्डला परतले आणि १९४८ साली त्यांनी गणिताची पदवी पुरी केली.

अमेरिका, कॅनडा आणि पुन्हा अमेरिका

त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला गेले आणि १९४९ साली आयबीएम कंपनीत रुजू झाले. संगणकाचे ते बाल्य होते. कंपनीने न्यूयॉर्कमध्ये एक प्रचंड गणनयंत्र उभे केले होते. हजारो निर्वात नळ्या आणि हजारो रिले यांनी एक सबंध दालन भरले होते. गणिती प्रश्न या यंत्राला समजेल अशा सूचनांत उतरवून देणे हे कॉड यांचे पहिले काम. आज ज्याला आपण प्रोग्रामिंग म्हणतो, तेच ते.

पुढची घटना त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकते. १९५० नंतरच्या काही वर्षांत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी अमेरिकेत कम्युनिस्टांच्या शोधाच्या नावाखाली संशयाचे रान उठविले होते. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, अनेकांना चौकशीला उभे राहावे लागले. परदेशातून आलेल्या एखाद्या तरुण गणितज्ञाने अशा वेळी मान खाली घालून आपली नोकरी सांभाळली असती, तर कोणी त्याला दोष दिला नसता. कॉड यांना ते मानवले नाही. १९५३ साली ते अमेरिका सोडून कॅनडात ओटावाला गेले आणि मॅकार्थी यांचा प्रभाव ओसरल्यानंतरच, १९५७ साली, परत आले.

परतल्यावर ते आयबीएमच्या स्ट्रेच नावाच्या महासंगणकावर काम करू लागले. त्या काळी संगणक एका वेळी एकच कार्यक्रम चालवी. तो कार्यक्रम चुंबकीय फितीची वाट पाहत थांबला, की लाखो डॉलरचे यंत्रही स्वस्थ बसून राही. एक काम थांबले असताना दुसऱ्याला यंत्र वापरू द्यावे, तरीही एकाने दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशी व्यवस्था कॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसविली. ही मल्टिप्रोग्रामिंगची अगदी सुरुवातीची पावले होत.

चाळिशीच्या सुमारास ते पुन्हा विद्यार्थी झाले. कंपनीच्या शिष्यवृत्तीवर मिशिगन विद्यापीठात जाऊन त्यांनी १९६५ साली डॉक्टरेट मिळविली. विषय होता स्वतःची प्रतिकृती करणारी यंत्ररचना. जॉन फॉन नॉयमन यांनी चौकटींच्या जाळ्यावर अशी रचना कल्पिली होती. तिच्यात प्रत्येक चौकटीला २९ अवस्था लागत. कॉड यांनी तेच काम केवळ ८ अवस्थांत होऊ शकते असे दाखवून दिले. १९६८ साली हे संशोधन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. गुंतागुंतीचा प्रश्न दिसला, की त्याला लागणारी सामग्री किती कमी करता येईल हे पाहायचे, ही त्यांची खोड पुढे डेटाबेसच्या कामी आली.

माहितीच्या जंगलात

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॉड कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या संशोधन शाळेत आले. मोठ्या संस्थांची माहिती तोवर संगणकात साठू लागली होती. पण ती साठविण्याची तऱ्हा विलक्षण होती. आयबीएमचा स्वतःचा प्रसिद्ध माल होता आयएमएस. अपोलो चांद्रमोहिमेसाठी लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्याच्या निमित्ताने तो तयार झाला होता. त्यात माहिती झाडासारखी रचलेली असे : खोड, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या. दुसरा पंथ जाळ्याचा. त्यात एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे नेणारे दुवे गुंफलेले असत आणि प्रोग्रामरने खलाशासारखी वाट काढीत जायचे असे.

एक साधे उदाहरण घेऊ. महाविद्यालय, त्याखाली विभाग आणि विभागाखाली विद्यार्थी असे झाड रचले आहे. गणित विभागातील विद्यार्थी कोण, हा प्रश्न त्यात सोपा. पण दोन विभागांचे विषय घेतलेले विद्यार्थी कोण, असे विचारले की सारे झाड उलटसुलट चढावे लागते आणि त्यासाठी निराळा कार्यक्रम लिहावा लागतो. शिवाय कोणी साठवणीचा क्रम बदलला, एखादी सूची काढून टाकली किंवा फांदीची जागा हलविली, की कालपर्यंत चालणारे कार्यक्रम आज मोडतात. माहिती संस्थेची असूनही तिच्यापर्यंत पोहोचण्याची किल्ली दोनचार तज्ज्ञांच्या खिशात राही.

१९ ऑगस्ट १९६९ रोजी, म्हणजे स्वतःच्या सेहेचाळिसाव्या वाढदिवशी, कॉड यांच्या नावाने कंपनीच्या अंतर्गत वापरासाठी एक अहवाल निघाला. त्यातील विचार सुधारून जून १९७० मध्ये त्यांनी अमेरिकेतील एसीएम या संगणक-संस्थेच्या मासिकात एक निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या सामाईक माहितीसाठ्यांसाठी रिलेशनल मॉडेल, हा त्याचा विषय. अवघ्या अकरा पानांच्या या निबंधाने पुढे एका मोठ्या उद्योगाचा पाया घातला.

कल्पना गणितातील संचसिद्धांतातून घेतली होती. सर्व माहिती कोष्टकांत ठेवावी. कोष्टकातील ओळींच्या क्रमाला काही अर्थ नसावा. ओळ ओळखायची ती तिच्या किल्लीने, रकाना ओळखायचा तो त्याच्या नावाने. दोन कोष्टकांचा संबंध गुप्त दुव्यांनी नव्हे, तर दोन्हींकडे असलेल्या समान मूल्यांनी जोडावा. विचारणाऱ्याने काय हवे ते सांगावे, कसे शोधायचे ते यंत्राने ठरवावे. आणि प्रत्येक घरात एकच, अविभाज्य मूल्य असावे. कर्मचाऱ्याच्या नोंदीच्या पोटात त्याच्या नोकऱ्यांचा इतिहास आणि त्या इतिहासाच्या पोटात पगाराचा इतिहास कोंबलेला असेल, तर ती पोटे उघडून त्यांची स्वतंत्र कोष्टके करावीत, हे त्यांनी उदाहरणाने दाखविले. यालाच आपण फर्स्ट नॉर्मल फॉर्म म्हणतो. दुसरा आणि तिसरा नॉर्मल फॉर्म त्यांनी पुढच्या एकदोन वर्षांत मांडले.

घरचा विरोध

नवा विचार मांडणाऱ्याला बाहेरचे विरोधक परवडतात, घरचे परवडत नाहीत. आयबीएमने आयएमएसमध्ये मोठा पैसा गुंतविला होता आणि मोठमोठी गिऱ्हाइके त्यावर विसंबून होती. संशोधन शाळेतील एका गणितज्ञाचा सिद्धांत मान्य करणे म्हणजे आपलाच माल जुना झाल्याची कबुली देणे होते. शिवाय कोष्टकांवर चालणारी व्यवस्था कागदावर कितीही सुंदर असली, तरी प्रत्यक्षात ती फार मंद चालेल, असा तज्ज्ञांचा आक्षेप होता. तो आक्षेप त्या वेळच्या यंत्रांकडे पाहता अगदीच निराधार नव्हता.

१९७४ साली ॲन आर्बर येथील परिषदेत कॉड आणि चार्ल्स बॅकमन यांच्या बाजूंचा जाहीर वादविवाद झाला. बॅकमन हे जाळेपद्धतीचे अध्वर्यू, आणि आदल्याच वर्षी ट्युरिंग पारितोषिक मिळविलेले. त्या वादात कोण जिंकले हे त्या दिवशी ठरले नाही. परंतु कॉड ज्या प्रश्नासाठी एक ओळ लिहीत त्यासाठी जुन्या पद्धतीत लांबलचक कार्यक्रम लिहावा लागतो, हे त्या काळात ज्यांनी पाहिले त्यांच्यापैकी अनेक तरुण त्यांच्या बाजूला आले.

त्यांपैकी दोघे, डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस, यांनी १९७४ साली सीक्वेल नावाची भाषा मांडली. ते नाव दुसऱ्या कंपनीच्या मालकीचे निघाल्याने पुढे ती एसक्यूएल झाली. कॉड यांनी स्वतः अल्फा नावाची गणिती वळणाची भाषा सुचविली होती. ती मागे पडली. सॅन होजेमध्येच सिस्टिम आर नावाचा प्रयोग उभा राहिला आणि कोष्टकपद्धती पुरेशा वेगाने चालू शकते हे त्याने सिद्ध केले. बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी इंग्रेस तयार केले. मजेची गोष्ट अशी, की आयबीएमच्या छापील निबंधांवरून बोध घेऊन एका लहानशा नव्या कंपनीने १९७९ साली ओरॅकल बाजारात आणले. आयबीएमचा स्वतःचा रिलेशनल माल १९८१ मध्ये आणि प्रसिद्ध डीबी-टू १९८३ मध्ये आला. घरातील दिवा शेजाऱ्याने आधी लावला.

याच सुमारास कॉड आणखी एका प्रयोगात गुंतले होते. सामान्य माणसाने साध्या इंग्रजीत प्रश्न विचारावा, यंत्राला तो कळला नाही तर त्याने उलट प्रश्न विचारून खुलासा करून घ्यावा, अशी रॉन्देव्हू नावाची संवादपद्धती त्यांनी १९७४ साली मांडली. माहिती तज्ज्ञांच्या मुठीतून सोडवायची हा त्यांचा ध्यास तिच्यातही दिसतो.

अक्षरांच्या माळेचा प्रश्न

आता ज्या अवजारांपासून आपण सुरुवात केली त्यांच्याकडे वळू. एसक्यूएलचे पहिले अमेरिकन प्रमाण १९८६ साली ठरले. त्यात अक्षरांसाठी फारसे काही नव्हते. लाइक या शब्दाने नमुना जुळवून पाहता येई, इतकेच. सबस्ट्रिंग, अप्पर, लोअर, ट्रिम, पोझिशन आणि माळा जोडण्याची खूण ही प्रमाणात आली ती १९९२ साली. तोवर प्रत्येक निर्मात्याने आपापली अवजारे बनवून टाकली होती. म्हणूनच एकाकडे सबस्ट्रिंग तर दुसऱ्याकडे सबस्टर, एकाकडे लेंग्थ तर दुसऱ्याकडे लेन, एकाकडे जोडण्यासाठी दोन उभ्या रेघा तर दुसऱ्याकडे बेरजेचे चिन्ह, असा गोंधळ विद्यार्थ्यांना आजही सोसावा लागतो.

पण नावांच्या गोंधळापेक्षा खोल असा एक प्रश्न येथे आहे. घरातील मूल्य अविभाज्य असावे असे कॉड सांगतात. मग नावाच्या माळेतील पहिली तीन अक्षरे कापून देणारे अवजार डेटाबेसमध्ये कोणत्या न्यायाने राहते? कॉड यांना हा प्रश्न दिसला होता. १९९० साली निघालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी अविभाज्य या शब्दाची व्याख्या करताना एक अपवाद जोडला : डेटाबेस ज्याचे आणखी तुकडे करू शकत नाही ते मूल्य अविभाज्य, मात्र काही खास फंक्शन्स यातून वगळावीत. आपली स्ट्रिंग फंक्शन्स याच फटीतून आत येतात.

ही फट किती रुंद होऊ द्यायची याचे माप त्यांच्या दुसऱ्या एका नियमात सापडते. १९८५ साली त्यांनी संगणक-व्यवसायाच्या एका साप्ताहिकात आपले नियम प्रसिद्ध केले. बारा नियम म्हणून ते ओळखले जात असले तरी शून्यापासून मोजले तर ते तेरा भरतात. त्यांतील दुसरा नियम असा, की कोष्टकाचे नाव, ओळीची किल्ली आणि रकान्याचे नाव एवढ्या तिहींवरून प्रत्येक मूल्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे. म्हणजे प्रत्येक मूल्याला पत्ता हवा. आता नोंदणी क्रमांकाची पहिली दोन अक्षरे प्रवेशवर्षाची आणि पुढची दोन विभागाची अशी योजना केली, तर विभाग या वस्तुस्थितीला पत्ता राहत नाही. ती दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू होते. तिला बाहेर बोलावायचे तर तिसऱ्या अक्षरापासून दोन अक्षरे काप, असे प्रत्येक वेळी सांगावे लागते. आणि हे गुपित कोष्टकात कोठेच लिहिलेले नसते, ते कारकुनाच्या किंवा प्रोग्रामरच्या डोक्यात असते. उद्या तीन अक्षरांचा विभाग उघडला, की सबस्ट्रिंग तक्रार न करता चुकीची दोन अक्षरे हातात ठेवते. शोधाचा वेगही जातो, कारण रकान्यावर फंक्शन चढविले की त्या रकान्याची साधी सूची बहुतेक वेळा निरुपयोगी होते. झाडाच्या आणि जाळ्याच्या काळातील गुप्त वाटा कॉड यांनी बुजविल्या. अक्षरांच्या माळेत अर्थ लपविणारा माणूस त्याच वाटा पुन्हा खणतो.

सीमाभागातील आपल्यासारख्यांना याचे एक जवळचे उदाहरण देता येईल. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक सरकारच्या दप्तरात बेळगावचे नाव बेळगावी झाले. समजा, एखाद्या कार्यालयाच्या कोष्टकात सबंध पत्ता आणि नाव एकाच लांब माळेत आहे, आणि कोणी रिप्लेस चालवून सगळीकडे बेळगावच्या जागी बेळगावी घातले. गावाचे नाव बदलेल, पण त्याबरोबर बेळगावकर आडनावाच्या माणसाचे बेळगावीकर होईल. तेच काम चुकून दुसऱ्यांदा चालविले तर आधीच बदललेल्या शब्दाला आणखी एक वेलांटी चिकटेल, कारण बेळगावी या माळेच्या पोटात बेळगाव ही माळ आहेच. रिप्लेसला गाव आणि आडनाव यांतील भेद कळत नाही. त्याला फक्त अक्षरे कळतात. कॉड यांच्या पद्धतीत गावांचे कोष्टक वेगळे, प्रत्येक गावाला एक किल्ली, आणि माणसाच्या ओळीत फक्त ती किल्ली. नाव बदलायचे ते एका ओळीत, एकदाच. कोणाच्या आडनावाला धक्का लागत नाही.

दुसरे उदाहरण रिकाम्या घराचे. माहिती नसणे म्हणजे शून्य नव्हे आणि मोकळी जागाही नव्हे, हे कॉड यांनी आग्रहाने सांगितले आणि त्यासाठी नल या कल्पनेला सिद्धांतात स्थान दिले. १९९० च्या ग्रंथात तर त्यांनी दोन प्रकार केले : माहिती आहे पण अद्याप मिळालेली नाही, आणि ती माहिती येथे लागूच नाही. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी त्रिपदी लिहिण्याची रीत आहे. हे तीन रकाने जोडताना मधला नल असेल, तर प्रमाण नियमाप्रमाणे सबंध नावच नल होते; ओरॅकल मात्र नलला रिकामी माळ समजून उरलेले दोन शब्द जोडते. मधले नाव न लावणाऱ्या विद्यार्थिनीचे नाव एका यंत्रावर छापले जाते आणि दुसऱ्यावर यादीतून नाहीसे होते. अशा वेळी कोअलेस या फंक्शनने नलच्या जागी काय धरायचे ते आपण सांगावे लागते. म्हणजे निर्णय शेवटी माणसाचाच.

आणि लिपीचे काय? ही अवजारे घडविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रोमन लिपी होती. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे अप्पर आणि लोअर आपल्या शब्दांवर काहीच करीत नाहीत. ज्ञानेश्वर या नावात आपण ज्ञा, ने, श्व, र अशी चार अक्षरे मोजतो. युनिकोडच्या हिशेबाने व्यंजने, हलन्त आणि काना-मात्रा वेगवेगळे धरून ती दहा चिन्हे होतात, आणि यूटीएफ-आठ पद्धतीत साठविली की तीस बाइट. मायएसक्यूएलमध्ये लेंग्थ विचारले तर तीस, कॅरेक्टर लेंग्थ विचारले तर दहा असे उत्तर येते. चार हे उत्तर दोन्हींपैकी कोणीच देत नाही. आद्याक्षर म्हणून पहिले चिन्ह कापले तर ज्ञा न येता नुसता ज हाती येतो. कानडी लिपीचीही हीच गत. यंत्राचे अक्षर आणि आपले अक्षर एक नव्हे, हे ध्यानात ठेवूनच मराठी किंवा कानडी माळेला कात्री लावावी.

याचा अर्थ ही फंक्शन्स टाकाऊ आहेत असा मुळीच नाही. बाहेरून आलेल्या माहितीतील मोकळ्या जागा छाटणे, छापण्यासाठी नाव नीट मांडणे, रोमन अक्षरांतील लहानमोठेपणा दूर करून तुलना करणे, नावाचा अर्धा भाग आठवत असताना शोध घेणे, ही त्यांची रास्त कामे. मूल्याला कपडे चढविणे हे त्यांचे काम. मूल्याच्या पोटात लपविलेली दुसरी वस्तुस्थिती उकरून काढणे हे नव्हे. प्रश्नाच्या अटीतच सबस्ट्रिंग पुन्हा पुन्हा लिहावी लागत असेल, तर दोष बहुधा प्रश्नात नसून कोष्टकाच्या रचनेत असतो.

उत्तरायुष्य

कॉड यांना मान मिळाला तो उशिरा, पण भरपूर मिळाला. १९७६ साली आयबीएमने त्यांना फेलो हा आपला सर्वोच्च तांत्रिक सन्मान दिला. १९८१ साली त्यांना ट्युरिंग पारितोषिक मिळाले. १९८४ साली ते कंपनीतून बाहेर पडले आणि ख्रिस डेट या आपल्या सहकाऱ्याबरोबर सल्लागार म्हणून काम करू लागले. डेट यांनी त्यांचे विचार जगभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पाठ्यपुस्तकांतून पोहोचविले. नलच्या प्रश्नावर मात्र दोघांचे अखेरपर्यंत जमले नाही.

विजय मिळाल्यावर कॉड स्वस्थ बसले नाहीत. १९८० नंतर रिलेशनल हा शब्द बाजारात चलनी झाला आणि जुन्याच मालावर ती चिठ्ठी लावून विकण्याची लाट आली. १९८५ चे नियम हे त्या लाटेला दिलेले उत्तर होते. तीन वर्षांनी त्यांनी खुद्द एसक्यूएलवर कडक टीका केली. संचात एकच वस्तू दोनदा असू शकत नाही, पण एसक्यूएल तीच ओळ दोनदा ठेवू देते, हा त्यांचा मुख्य आक्षेपांपैकी एक. आपल्याच कल्पनेतून निघालेल्या आणि जगभर गाजणाऱ्या भाषेचे दोष असे चारचौघांत सांगणारे विरळा.

त्यांच्या चरित्रात एक वादाचे प्रकरणही आहे. १९९३ साली त्यांनी व इतर दोघांनी व्यापारी माहितीच्या विश्लेषणासंबंधी एक निबंध काढला आणि ओलॅप हा शब्द रूढ केला. त्या निबंधाला एका सॉफ्टवेअर कंपनीचे आर्थिक पाठबळ होते आणि निबंधातील कसोट्या तिच्या मालाला सोयीच्या होत्या, हे पुढे उघड झाल्यावर टीका झाली. ज्यांनी विक्रेत्यांच्या दाव्यांना मोजपट्टी लावली त्यांच्याच मोजपट्टीविषयी शंका घेतली जावी, हे खेदाचे होते. शब्द मात्र टिकला.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडातील विल्यम्स आयलंड येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ७९ होते. दुसऱ्या वर्षापासून एसीएमच्या डेटाबेस विभागाचे संशोधन पारितोषिक त्यांच्या नावाने दिले जाऊ लागले.

आज रेल्वेचे आरक्षण, बँकेचे खाते, विद्यापीठाचा निकाल यांच्यामागे बहुधा कॉड यांची कोष्टके उभी असतात. ती वापरणाऱ्या बहुतेकांना ओळींचा क्रम, साठवणीची जागा, शोधाची वाट यांचा विचार करावा लागत नाही. तो त्यांच्या वतीने एका माणसाने १९७० साली करून ठेवला. मागे त्यांनी आपल्यासाठी ठेवलेली शिस्त मात्र साधी आहे. जे सांगायचे ते उघड सांगावे, प्रत्येक गोष्टीला तिचे घर द्यावे, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही असेच लिहावे. कोष्टक आखणाऱ्या विद्यार्थ्याने सबस्ट्रिंगची व्याख्या विसरली तरी ती पुस्तकात पुन्हा सापडते. एका घरात एकच गोष्ट ठेवायची, हे एकदा विसरले की माहिती साठत जाते, पण पुढे विचारलेल्या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळत नाहीत.